विश्लेषण : डार्विन यांना पहिली शंका फिंचमुळे नव्हे, मॉकिंगबर्डमुळे! वहीतील बेटाच्या नोंदीने विज्ञान कसे बदलले?

मोबाइलवर पक्ष्याचा फोटो काढला, की तारीख आणि वेळ त्याच्यासोबत आपोआप साठवली जाते. लोकेशन सुरू असेल तर ठिकाणही. १८३५ मध्ये अशी कोणतीही सोय नव्हती. कॅमेराच नव्हता. पक्ष्याचा अभ्यास करायचा तर तो गोळी घालून मिळवायचा, त्याचे कातडे सोलून टिकवायचे, त्याला क्रमांकाची चिठ्ठी बांधायची आणि तो कुठे मिळाला हे वहीत त्या क्रमांकासमोर हाताने लिहायचे.

ही शेवटची पायरी चार्ल्स डार्विन यांनी एका पक्ष्याच्या बाबतीत नीट पाळली आणि दुसऱ्याच्या बाबतीत जवळपास विसरली. विसरलेला पक्षी म्हणजे फिंच. आज तो ‘डार्विनचा फिंच’ म्हणून शाळेच्या पुस्तकात आहे. ज्याची नोंद नीट झाली तो मॉकिंगबर्ड मात्र फारसा कोणाला आठवत नाही. प्रत्यक्षात सजीवांच्या जाती कायम तशाच राहतात का, ही शंका डार्विन यांच्या लिखाणात पहिल्यांदा उतरली ती याच पक्ष्याच्या निमित्ताने.

मॉकिंगबर्ड म्हणजे कोणता पक्षी?

मॉकिंगबर्ड हा उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतील पक्षी. आकाराने साधारण साळुंकीएवढा, रंगाने करडा-तपकिरी, शेपटी लांब. दिसायला अगदी साधा. अमेरिकेत तो घरामागच्या अंगणात, विजेच्या तारेवर, दुकानाबाहेरच्या पार्किंगमध्ये सहज दिसतो. तो माणसाला फारसा घाबरत नाही, त्यामुळे तेथील हौशी छायाचित्रकारांना तो सहज सापडतो.

उत्तर अमेरिकेतील मॉकिंगबर्ड दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. त्यावरूनच त्याला हे नाव पडले. भारतात मॉकिंगबर्ड आढळत नाही. मात्र आपल्या साळुंक्या आणि मैना ज्या कुळातील आहेत, ते कुळ मॉकिंगबर्डच्या कुळाचे सर्वांत जवळचे नातेवाईक मानले जाते. गॅलरीच्या कठड्यावर येऊन खाऊ मागणारी धीट साळुंकी डोळ्यांसमोर आणली, तर डार्विन यांना भेटलेल्या पक्ष्याचा स्वभाव ओळखीचा वाटेल.

डॉक्टरकी सोडून पळालेला मुलगा

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे झाला. वडील रॉबर्ट डार्विन नावाजलेले डॉक्टर होते. आई सुझाना या वेजवुड या प्रसिद्ध चिनी मातीच्या भांड्यांच्या व्यवसायातील घराण्यातल्या. चार्ल्स आठ वर्षांचे असताना आईचे निधन झाले.

मुलानेही डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. १८२५ मध्ये चार्ल्स यांना वैद्यकीय शिक्षणासाठी एडिंबरोला पाठवण्यात आले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. शुद्धीवर असलेल्या रुग्णांवर होणाऱ्या शस्त्रक्रिया त्यांना बघवल्या नाहीत. एका लहान मुलावरील शस्त्रक्रिया सुरू असताना ते खोलीतून निघून गेले आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. १८२७ मध्ये त्यांनी एडिंबरो सोडले.

पण तिथे ते एक गोष्ट शिकले, जी पुढे फार उपयोगी पडली. गयाना येथील मळ्यावर गुलामगिरीत राहिलेले आणि नंतर मुक्त झालेले जॉन एडमन्स्टन हे त्या वेळी एडिंबरोत पक्ष्यांमध्ये पेंढा भरण्याचे काम करत. डार्विन यांनी पैसे मोजून त्यांच्याकडे शिकवणी लावली. पक्ष्याचे कातडे न फाडता कसे सोलायचे, ते कुजणार नाही अशा रीतीने कसे टिकवायचे, हे कसब त्यांनी एडमन्स्टन यांच्याकडून घेतले. गॅलापॅगोसचे पक्षी इंग्लंडपर्यंत सुस्थितीत पोहोचले, त्यामागे ही शिकवणी होती. शाळेच्या धड्यांत मात्र एडमन्स्टन यांचे नाव क्वचितच येते.

यानंतर वडिलांनी मुलाला धर्मोपदेशक करायचे ठरवले आणि केंब्रिजला पाठवले. तिथे डार्विन यांना भुंगेरे गोळा करण्याचे वेड लागले. दोन्ही हातांत एकेक भुंगेरा असताना तिसरा दिसला, म्हणून त्यांनी एक तोंडात धरला आणि त्याने जिभेवर जळजळीत द्रव सोडला, हा किस्सा त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवला आहे. केंब्रिजमध्येच वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हेन्स्लो यांच्याशी त्यांचे जुळले. हेन्स्लो यांच्या शिफारशीमुळे १८३१ मध्ये ‘बीगल’ या जहाजावरून जाण्याची संधी चालून आली.

वडिलांनी आधी नकार दिला होता

‘बीगल’ हे ब्रिटिश नौदलाचे जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याचे नकाशे करण्यासाठी निघणार होते. कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय यांना प्रवासात सोबतीला निसर्गाची जाण असलेला सुशिक्षित तरुण हवा होता. डार्विन यांच्या वडिलांना हा वेळेचा अपव्यय वाटला. शेवटी मामा जोसाया वेजवुड यांनी त्यांची समजूत काढली.

२७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघाले. डार्विन तेव्हा २२ वर्षांचे होते. प्रवास जवळपास पाच वर्षे चालला. समुद्र लागण्याचा त्रास डार्विन यांना अखेरपर्यंत राहिला. त्यामुळे संधी मिळेल तेव्हा ते जमिनीवर उतरत, घोड्यावरून आत भटकत, खडक, जीवाश्म, किडे, पक्षी गोळा करत आणि सगळे पेट्यांत भरून हेन्स्लो यांच्याकडे पाठवत. सीम्स कव्हिंग्टन हा तरुण खलाशी त्यांचा मदतनीस होता. शिकार करणे, कातडी सोलणे ही कामे पुढे बरीचशी त्यानेच सांभाळली.

घराजवळ मांस टोचायला येणारा पक्षी

गॅलापॅगोसला पोहोचण्याआधीच डार्विन मॉकिंगबर्ड ओळखू लागले होते. आजच्या उरुग्वे आणि अर्जेंटिनाच्या भागात हा पक्षी त्यांना वस्तीच्या आसपास दिसायचा. स्थानिक लोक त्याला कलांद्रिया म्हणत. घरांच्या भिंतींवर, खांबांवर मांस टांगलेले असे. ते टोचायला हा पक्षी येई आणि दुसरा लहान पक्षी आला तर त्याला हुसकावून लावे. त्याचे गाणे त्या भागातील इतर पक्ष्यांपेक्षा सरस असल्याचे डार्विन यांनी नोंदवले.

पुढे दक्षिणेला पॅटागोनियाच्या ओसाड प्रदेशात त्यांना असाच, पण थोडा बुजरा पक्षी दिसला. काटेरी झुडपांत राहणारा. त्याचा आवाज किंचित निराळा वाटला, म्हणून डार्विन यांनी त्याला वेगळी जात ठरवले. मग नमुना हातात घेऊन पहिल्याशी ताडून पाहिल्यावर दोन्ही इतके सारखे दिसले, की त्यांनी मत बदलले. इंग्लंडला परतल्यावर तज्ज्ञांनी सांगितले, की पहिला अंदाजच बरोबर होता.

एकमेकांना लागून असलेल्या दोन प्रदेशांत जवळजवळ सारखे, तरीही वेगळे पक्षी कसे असतात, हा प्रश्न अजून त्यांनी मांडला नव्हता. पण कान आणि डोळे या पक्ष्याला सरावले होते. चिलीमध्ये याच्या जातभाईला तेंका म्हणतात, हेही त्यांना कळले.

गॅलापॅगोसवर नेमके काय घडले?

सप्टेंबर १८३५ मध्ये ‘बीगल’ गॅलापॅगोस बेटांवर पोहोचले. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे एक हजार किलोमीटर दूर, ज्वालामुखीतून तयार झालेली ही बेटे. जहाज तिथे सुमारे पाच आठवडे होते. डार्विन चार मोठ्या बेटांवर उतरले. तेव्हाची त्यांची इंग्रजी नावे चॅटहॅम, चार्ल्स, आल्बेमार्ल आणि जेम्स. आज ती सान क्रिस्तोबाल, फ्लोरिआना, इसाबेला आणि सांतियागो म्हणून ओळखली जातात.

इथल्या पक्ष्यांना माणसाची भीतीच माहीत नव्हती. डार्विन एकदा आडवे पडले होते. कासवाच्या कवचापासून केलेले पाण्याचे भांडे त्यांच्या हातात होते. एक मॉकिंगबर्ड येऊन त्या भांड्याच्या काठावर बसला आणि शांतपणे पाणी पिऊ लागला. डार्विन यांनी भांडे उचलले तरी तो जागचा हलला नाही.

पहिल्या बेटावरचा हा पक्षी त्यांना चिलीतील तेंकासारखाच वाटला. दुसऱ्या बेटावर, म्हणजे आजच्या फ्लोरिआनावर, त्यांना पुन्हा मॉकिंगबर्ड दिसला. पण तो हुबेहूब पहिल्यासारखा नव्हता. इतर पक्ष्यांकडे पाहताना असा फरक कदाचित निसटला असता. या पक्ष्याशी मात्र त्यांची तीन वर्षांची ओळख होती.

त्यानंतर मॉकिंगबर्डचा नमुना कोणत्या बेटावर मिळाला, हे त्यांनी काळजीपूर्वक लिहिले. चार बेटांवरून चार नमुने. दोन सारखे वाटले, उरलेले दोन वेगळे. प्रत्येक प्रकार आपापल्या बेटावरच आढळतो आणि सगळ्यांच्या सवयी मात्र सारख्याच, एवढे त्यांनी टिपून ठेवले. त्या क्षणी याचा अर्थ काय लावायचा, हे त्यांना ठरवता आले नव्हते.

कासवांच्या बाबतीत झाली ती चूक

फ्लोरिआनावर निकोलस लॉसन नावाचे अधिकारी बेटांचा कारभार पाहत होते. समोर आणलेले महाकाय कासव कोणत्या बेटावरचे आहे, हे आपण ओळखू शकतो, असे त्यांनी डार्विन यांना सांगितले. आज वाचताना हा मोठा धागा वाटतो. डार्विन यांनी मात्र सुरुवातीला या बोलण्याकडे फारसे लक्ष दिले नाही. एकमेकांपासून दिसतील इतक्या अंतरावरची बेटे, सारखेच खडक, सारखेच हवामान. तिथे प्राणी वेगळे असतील, हे त्यांच्या मनातच आले नाही. याची कबुली पुढे त्यांनी प्रवासवर्णनात दिली.

जहाजावर घेतलेली मोठी कासवे खाण्यासाठी होती. वाटेत ती खाल्ली गेली आणि कवचे समुद्रात टाकली गेली. कवचाच्या आकारावरून बेट ओळखता येत होते, पण तो पुरावा पाण्यात गेला.

फिंचच्या बाबतीतही असेच झाले. वेगवेगळ्या चोचींचे हे लहान पक्षी एकाच कुटुंबातले आहेत, हे डार्विन यांना तिथे ओळखता आले नाही. काहींना त्यांनी वेगळ्याच गटांतले पक्षी समजून नोंदवले. बहुतेक फिंच कोणत्या बेटावर मिळाले, याची नोंदच त्यांनी ठेवली नाही. वेगवेगळ्या बेटांवरचे नमुने एकत्र मिसळले गेले.

शंका पहिल्यांदा कागदावर कधी उतरली?

१८३६ च्या मध्यात ‘बीगल’ परतीच्या वाटेवर होते. जहाजावरच्या मोकळ्या वेळात डार्विन आपल्या पक्ष्यांच्या नोंदी नीटनेटक्या करत बसले होते. मॉकिंगबर्डच्या नोंदीपाशी आल्यावर त्यांनी चार बेटे आणि चार नमुने शेजारी ठेवून पाहिले. लॉसन यांचे कासवांबद्दलचे बोलणे आता आठवले. फॉकलंड बेटांवरील कोल्ह्याबद्दल ऐकलेली अशीच एक गोष्टही आठवली.

मग त्यांनी लिहिले, की हे सगळे केवळ एकाच जातीतले किरकोळ फरक असू शकतात. पण तसे नसेल, तर जाती कायम स्थिर असतात या समजालाच त्यामुळे धक्का बसेल. वाक्य जपून लिहिले होते, जर-तरच्या भाषेत. तरीही उत्क्रांतीच्या विचाराच्या दिशेने डार्विन यांनी टाकलेल्या पहिल्या पावलांमध्ये अभ्यासक या नोंदीची गणना करतात. त्यात फिंचचा आधार नाही. असणे शक्यही नव्हते, कारण त्यांची बेटवार नोंदच हाताशी नव्हती.

लंडनमध्ये निकाल कोणी दिला?

२ ऑक्टोबर १८३६ रोजी डार्विन इंग्लंडला परतले. जानेवारी १८३७ मध्ये त्यांनी पक्षी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीकडे सोपवले. तेथील पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी काही दिवसांतच सांगितले, की डार्विन यांनी निरनिराळे समजलेले ते लहान पक्षी खरे तर फिंचचाच एक नवा गट आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस मॉकिंगबर्डचा निकाल आला. ते एकाच जातीचे प्रकार नसून तीन स्वतंत्र जाती होत्या. तिन्ही विज्ञानाला नव्या आणि तिन्हींचे जवळचे नातेवाईक दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे.

जहाजावर लिहिलेले ते ‘जर’ आता उरले नव्हते. मुख्य भूमीवरून आलेला एक पक्षी वेगवेगळ्या बेटांवर अडकला आणि पिढ्यान् पिढ्या बदलत जाऊन वेगळा झाला, हे स्पष्टीकरण सर्वांत सरळ होते. 

आता फिंच कोणत्या बेटावरचे, हे शोधणे भाग पडले. डार्विन यांनी कप्तान फिट्झरॉय, कव्हिंग्टन आणि जहाजावरील इतरांनी जमवलेले पक्षी मागवले. गंमत अशी, की कप्तानांच्या संग्रहातील नोंदी डार्विन यांच्यापेक्षा चोख होत्या. पुढे उत्क्रांतीच्या सिद्धांताला कडाडून विरोध करणाऱ्या फिट्झरॉय यांनीच नकळत या पुराव्याची जुळवाजुळव करायला मदत केली होती.

जुलै १८३७ मध्ये डार्विन यांनी जाती कशा बदलतात या विषयावर पहिली वही उघडली. एका खोडातून फुटत जाणाऱ्या फांद्यांचे त्यांचे प्रसिद्ध रेखाटन याच वहीत आहे. १८३८ मध्ये त्यांनी माल्थस यांचा लोकसंख्येवरील निबंध वाचला. जगू शकतील त्यापेक्षा जास्त जीव जन्माला येतात, त्यातून टिकाव धरणारेच पुढची पिढी जन्माला घालतात, हा निसर्गनिवडीचा गाभा त्यांच्या हाती लागला.

मग वीस वर्षे गप्प का राहिले?

२९ जानेवारी १८३९ रोजी डार्विन यांचा विवाह मामेबहीण एमा वेजवुड यांच्याशी झाला. एमा श्रद्धाळू होत्या. पतीच्या शंकांमुळे मृत्यूनंतर आपली कायमची ताटातूट होईल, ही भीती त्यांनी पत्रातून पतीला कळवली होती. डार्विन यांनी ते पत्र आयुष्यभर जपले.

१८४२ मध्ये कुटुंब केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहायला गेले. तोवर डार्विन यांची प्रकृती बिघडू लागली होती. उलट्या, थकवा, धडधड यांनी ते अनेकदा अंथरुणाला खिळत. १८४४ मध्ये त्यांनी सिद्धांताचा सविस्तर मसुदा लिहून पूर्ण केला. तो छापला मात्र नाही. आपण अचानक गेलो तर तो प्रसिद्ध करावा, असे एमा यांच्या नावे पत्र लिहून ठेवले. ज्या विचाराने पत्नी धास्तावली होती, तोच विचार त्यांनी तिच्या हवाली केला.

१८५१ मध्ये त्यांची लाडकी मुलगी ॲनी आजारी पडली. उपचारांसाठी तिला मॅल्व्हर्न या गावी नेले होते. एमा यांचे दिवस भरत आले असल्याने त्या घरीच होत्या. डार्विन मुलीच्या उशाशी बसून रोज पत्नीला पत्राने खबर कळवत राहिले. २३ एप्रिलला ॲनी गेली. ती दहा वर्षांची होती. दहा मुलांपैकी तीन मुले डार्विन दाम्पत्याने लहानपणीच गमावली. ॲनीच्या मृत्यूनंतर धर्मावरील उरलासुरला विश्वासही डार्विन यांच्या मनातून गेला, असे अनेक चरित्रकार मानतात.

परसातली प्रयोगशाळा

‘बीगल’वरून परतल्यावर डार्विन पुन्हा कधीही ब्रिटनबाहेर गेले नाहीत. उरलेली सगळी निरीक्षणे त्यांनी घरात, बागेत आणि शेजारच्या माळावर केली. मात्र गॅलापॅगोसवर झालेली चूक त्यांनी टाळली. नमुना कोणाकडून आला, कुठला, कधीचा, याचा पाठपुरावा ते पत्रांमागून पत्रे लिहून करत.

समुद्रातील खडकांना आणि जहाजांच्या तळाला चिकटणाऱ्या बार्नेकल या जीवांवर त्यांनी आठ वर्षे घालवली. १८५५ पासून घरी कबुतरे पाळली. शेपटी पंख्यासारखी फुलवणारे लक्का, गळा फुगवणारे, हवेत कोलांट्या घेणारे असे नाना प्रकार. कबुतरबाजांच्या क्लबांत जाऊन ते सामान्य पाळणाऱ्यांशी गप्पा मारत. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातील एडवर्ड ब्लाइथ त्यांना भारतातील प्राणी-पक्ष्यांची माहिती पत्रांतून पुरवत. एवढी विविध कबुतरे एकाच रानटी पक्ष्यापासून माणसाने निवडून तयार केली, असा निष्कर्ष डार्विन यांनी काढला. तो पक्षी म्हणजे आपल्या इमारतींच्या कठड्यांवर घुमणारा पारवा.

स्वतःच्या मुलांकडेही ते निरीक्षकाच्या नजरेने पाहत. थोरला मुलगा विल्यम जन्मल्यापासून तो कधी हसला, कधी रागावला, कधी घाबरला याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. पुढे माणूस आणि प्राण्यांच्या भावनांवरील १८७२ च्या पुस्तकात त्यांनी छायाचित्रे वापरली. विज्ञानाच्या पुस्तकात पुरावा म्हणून छापील छायाचित्रे देण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. त्यासाठी ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराची मदत घेतली होती.

शेवटचे पुस्तक गांडुळांवर होते. गांडुळांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी मुलाने त्यांच्यासमोर वाद्य वाजवले, कुंड्या पियानोवर ठेवल्या. आवाजाला गांडुळे दाद देत नव्हती, पण पियानोच्या लाकडातून पोहोचलेल्या कंपनांनी ती चटकन बिळात जात.

मॉकिंगबर्ड पुन्हा कुठे आला?

१८ जून १८५८ रोजी आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे पाकीट डार्विन यांच्या हाती पडले. आजच्या इंडोनेशियातील बेटांवर नमुने गोळा करणाऱ्या वॉलेस यांनी स्वतंत्रपणे निसर्गनिवडीचीच कल्पना मांडली होती. वीस वर्षे सांभाळलेला विचार दुसऱ्याच्या अक्षरात समोर होता. त्याच दिवसांत घरात आजारपण शिरले होते. २८ जूनला दीड वर्षाचा धाकटा मुलगा गेला. तीन दिवसांनी, १ जुलैला, लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. डार्विन तिथे नव्हते.

२४ नोव्हेंबर १८५९ रोजी ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाले. १,२५० प्रतींची पहिली आवृत्ती पुस्तकविक्रेत्यांनी लगेच उचलली. या पुस्तकात गॅलापॅगोसच्या मॉकिंगबर्डचे उदाहरण आहे. एका बेटावरचा पक्षी वाऱ्याने दुसऱ्या बेटावर गेला तरी तिथे आधीच बस्तान बसवलेल्या पक्ष्यापुढे त्याचा निभाव का लागावा, असा मुद्दा त्यात आहे. पुढे प्रसिद्ध झालेले फिंच आणि त्यांच्या चोचींची गोष्ट मात्र या पुस्तकात नाही.

मग फिंच इतके प्रसिद्ध का झाले? ‘डार्विनचे फिंच’ हा शब्दप्रयोग विसाव्या शतकातला. १९४७ मध्ये डेव्हिड लॅक यांनी याच नावाचे पुस्तक लिहिले आणि चोचींच्या आकाराची गोष्ट जगभर पोहोचली. चोच आणि अन्न यांचा संबंध चित्रात चटकन दाखवता येतो. छातीवरचे डाग, चेहऱ्यावरचा पट्टा, चोचीची थोडी कमी-जास्त लांबी असे मॉकिंगबर्डमधील फरक तितके नजरेत भरत नाहीत.

१९ एप्रिल १८८२ रोजी डाउन येथे डार्विन यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांना दफन करण्यात आले.

त्या पक्ष्याचे पुढे काय झाले?

गॅलापॅगोसवर आज मॉकिंगबर्डच्या चार जाती मानल्या जातात. चौथी जात एस्पान्योला बेटावरची. तिथे डार्विन गेलेच नव्हते.

ज्या फ्लोरिआना बेटावर त्यांना पहिल्यांदा फरक जाणवला, तिथला मॉकिंगबर्ड त्यांच्या भेटीनंतर साधारण पन्नास वर्षांत त्या बेटावरून नाहीसा झाला. माणसांसोबत आलेले उंदीर, मांजरी, शेळ्या यांच्यापुढे हा निर्धास्त पक्षी टिकला नाही. भांड्याच्या काठावर बसून पाणी पिणारा धीटपणाच त्याला महागात पडला. जवळच्या चॅम्पियन आणि गार्डनर या दोन छोट्या बेटांवर मिळून काहीशे पक्षी तेवढे उरले.

डार्विन आणि फिट्झरॉय यांनी आणलेले नमुने मात्र ब्रिटनमध्ये जपलेले आहेत. शास्त्रज्ञांनी त्या जुन्या पक्ष्यांच्या पायाच्या कातडीतून डीएनए मिळवला आणि दोन छोट्या बेटांवरील पक्ष्यांशी ताडून पाहिला. मूळ बेटावर पक्षी परत न्यायचे, तर दोन्ही ठिकाणचे पक्षी घेणे योग्य ठरेल, हे त्यातून समोर आले. फ्लोरिआनाला पुन्हा मॉकिंगबर्ड मिळावा यासाठी बेटावरील उंदीर-मांजरे हटवण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. १८३५ मध्ये वहीत बेटाचे नाव लिहिले नसते, तर हे नमुने आज या कामी आले नसते.

तुमच्या फोटोतली नोंद शाबूत आहे का?

पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी ॲप आज लाखो हौशी निरीक्षकांच्या फोटोंवर चालतात. तिथेही नुसत्या फोटोपेक्षा ठिकाण आणि तारखेसह दिलेल्या फोटोला अधिक किंमत असते. फोनच्या कॅमेऱ्यातील लोकेशन बंद असेल, तर ठिकाण साठवले जात नाही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला, की आतली ही माहिती सहसा निघून जाते. मूळ फोटो जपून ठेवणे किंवा तो डॉक्युमेंट म्हणून पाठवणे हा त्यावरचा सोपा उपाय. दुर्मीळ पक्ष्याचे घरटे असेल, तर नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर उघड न करणेच बरे. नोंद मात्र स्वतःकडे असावी.

अंगणातल्या साळुंकीचा फोटो काढला, तरी खाली गावाचे नाव आणि तारीख लिहायला दहा सेकंद लागतात. डार्विन यांनी फिंचच्या वेळी ते केले नाही आणि नंतर जहाजावरच्या प्रत्येकाकडे विचारत फिरावे लागले.